खारीचं पोट शेवटी शिवायचं

११ नोव्हेंबर १९३५

ह्यांच्या छापखान्यात एक डायरी बांधताना बिघडली. ऑगस्ट दोनदा आला आणि डिसेंबर मुळी आलाच नाही. मालक म्हणाले रद्दीत टाका, तर हे ती घरी घेऊन आले. म्हणाले, "दिवसभर मनाशी बडबडत असतेस, ती बडबड यात कर." मी विचारलं, "मग डिसेंबरात काय तोंड शिवून बसू?" तर म्हणाले, "दुसरा ऑगस्ट आहे ना." या माणसावर रागवायचं म्हटलं तरी जमत नाही.

आज लिहायला कारणही मिळालं. लंकी आली. ह्यांची पहिल्या बायकोची मुलगी, नऊ वर्षांची. आई तापात गेली तेव्हापासून ती दिंडोरीला मामाकडे होती. सकाळच्या मोटारीनं मामाच घेऊन आले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायच्या आधी ह्यांना म्हणाले, "दाजी, शाळेपायी आणून सोडतो. संक्रांतीला येऊन बघंन. पोरगी रमली तर ठीक, नाय रमली तर मी घेऊन जाणार." हे नुसते मान हलवत होते. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगते, मी म्हटलं असतं, आत्ताच घेऊन जा. लग्नाला अजून वर्ष नाही, मलाच हे घर नवं आहे.

आत्याबाईंनी तिला माझ्या पाया पडायला लावलं. आत्याबाई म्हणजे ह्यांची आत्या, कुसाबाई. घरात त्यांचं चालतं. म्हणाल्या, "लंके, हिच्या गळ्यात तुझी आय हाय बरं का. नीट वागायचं. ती समदं बघती."

लेकराला धाक घालायची ही काय तऱ्हा! गळ्यात आहे ती सवतीची पुतळी. चांदीची, नखाएवढी, तिच्यावर एक बाई उमटवलेली. मला बिजवराला दिली, तेव्हा लग्नातच काळ्या रेशमात ओवून गळ्यात घातली. जेवताना पहिला घास तिच्या तोंडाला लावायचा, मग आपण खायचं. म्हणजे पहिली रुसत नाही आणि नवीच्या वाटेला जात नाही. आमच्या कळवणला माझ्या मावशीच्या गळ्यातही होती, त्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही. जोडवी घालतात तशी ही घालायची.

पोरीनं माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. सारा वेळ नजर गळ्यावर. दागिने किती आहेत ते बघून ठेवत असेल. मामीनं शिकवून पाठवलेलं दिसतं.

१६ नोव्हेंबर

पोरगी फार बोलत नाही, पण जे बोलते ते झोंबतं. आज रात्री मी पानावर बसले. पुतळीला कढीभाताचा घास लावायला हात वर नेला, तर ही समोरून म्हणते, "कढी नको." मी म्हटलं, "तुला नको तर घेऊ नकोस." "मला आवडते," म्हणाली, आणि दोनदा मागून ओरपली. आता याला काय म्हणावं? परवा वांग्याच्या भाजीला असंच. "वांगं चालेल," म्हणे. जशी काही मी हिच्या परवानगीनं भाजी आणते.

दुसरं म्हणजे हुकूम. हे जेवून जातात, मग ती शाळेला जाते, मग आत्याबाई जेवतात आणि शेवटी मी. तर ही रोज दप्तर खांद्याला अडकवून स्वयंपाकघराच्या दारात उभी. "तू का नाही जेवत?" मी म्हटलं, कामं आहेत. "आधी जेव." शाळेची घंटा होत आली तरी हलेना. शेवटी मी तिच्यादेखत चार घास खाल्ले, तेव्हा कुठं गेली. सासू नाही म्हणून मी सुखात होते, तर देवानं नऊ वर्षांची सासू धाडली.

हाक मात्र मारत नाही. आत्याबाईंनी 'नवी आई' म्हणायला सांगितलं, तर नुसती भिंतीकडे बघत बसली. तिचंही बरोबर आहे. मी काय नवी साडी आहे?

२५ नोव्हेंबर

आज दप्तराचा बंद तोडून आली. विचारलं तर सांगेना. शेजारच्या मुलीकडून कळलं, शाळेत सगळ्या मिळून "लंका पेटली, लंका पेटली" म्हणत तिच्या मागे पळतात. रामाच्या नाशकात पोरीचं नाव लंका ठेवायचं, मग दुसरं काय होणार! ह्यांना विचारलं तर म्हणाले, आजीचं नाव होतं. मला एवढा राग आला की शाळेत जाऊन एकेकीचे कान उपटावेत. मग वाटलं, मला कशाला एवढा राग यावा?

दप्तराला बंद शिवला. साधी मांजरपाटाची पिशवी, तिच्याकडे बघूनच उदास वाटतं. इतर मुलींच्या पिशव्यांवर मोर आहेत, कमळं आहेत.

दुपारी हमीदाबींकडे गेले. त्या आमच्या शेजारच्या. त्यांचे शफीभाई पटवेकरी आहेत, सराफ बाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसून दागिने रेशमात गाठून देतात. घरी हमीदाबी मण्यांची कामं करतात. आज त्यांच्याकडे एका नवरीच्या बटव्याला लावायचा मण्यांचा पोपट होता. अस्सा गोड! हलवला की मान डोलावतो. मी म्हटलं, "मला शिकवा. लंकीच्या दप्तराला लावीन."

हमीदाबी हसल्या. "लाडाची आहे का मुलगी?"

मी म्हटलं, "लाड कसले, लाच आहे ही. चार लोकांत माझं नाव चांगलं राहावं म्हणून."

खार करायची ठरवली. आमच्या मागच्या पेरूवर आहे एक.

३० नोव्हेंबर

वाटलं त्याच्या शंभरपट कठीण आहे. एक दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. एकाच मण्यातून एक सुई इकडून, एक तिकडून घालायची आणि ओढायची. नाकापासून सुरू करायचं, डोकं वाढवत न्यायचं, मग मान, मग धड. पोट उघडं ठेवायचं, कापूस भरायचा आणि अगदी शेवटी शिवून टाकायचं. हमीदाबी म्हणतात, "पोट शिवायची घाई नको करू, बेटी. एकदा शिवलं की मग आत गेलं ते गेलं."

तपकिरी मणी मिळाले नाहीत, म्हणून मधाच्या रंगाचे घेतले. पाठीवर तीन पट्टे पांढऱ्या मण्यांचे. पहिलं डोकं झालं, ते बघून हे म्हणाले, "वा! उंदीर छान झालाय." आत्याबाई म्हणाल्या, "गणपतीपुढं ठेवायचा व्हय?" लंकीनं हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "मुंगूस?"

मी सगळं उसवलं. मणी घरभर पळाले. आत्याबाईंच्या पायाखाली आले, त्यांनी माझ्या माहेरचा उद्धार केला.

रात्री अंथरुणातून पोरीचा आवाज आला, "शेपटी झुबकेदार पाहिजे." कोणाला म्हणाली ते कळलं नाही, पण घरात खार फक्त मीच करते आहे.

७ डिसेंबर (दुसऱ्या ऑगस्टातला)

जमतंय! डोकं खारीचं दिसतं. आणि पोरगी वळणावर येते आहे. दिवेलागणीनंतर मी मणी घेऊन बसले की ती कंदील उचलून जवळ आणते आणि अगदी माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसते. मी कामावर वाकते तशी तीही वाकते. पुतळी दोऱ्यावर पुढे लोंबते, मध्येमध्ये येते, मी ती मागे टाकते. तर म्हणाली, "राहू दे ना पुढं." मी म्हटलं, "सुईत अडकते गं." त्यावर तिनं पुतळी हलकेच दोन बोटांत धरून ठेवली, माझं काम होईपर्यंत. तासभर तरी. हात भरून आला असेल, पण सोडली नाही. मदत करायची हौस!

खारीत जीव गुंतला पोरीचा. हमीदाबींना सांगितलं, लाच लागू पडली.

ह्यांना म्हटलं, "बघा, तुमची लेक माझ्याजवळ बसते." हे म्हणाले, "लंकेला जायचं तर खार मदतीला हवीच." स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

११ डिसेंबर

सकाळी नळावर कपडे धुताना पुतळीचा दोरा तुटला. बरं झालं पदरात पडली, मोरीत गेली असती तर आत्याबाईंनी मलाच मोरीत ढकललं असतं. त्या घाबऱ्या झाल्या. "आत्ताच्या आत्ता गाठून आण. तिच्याबिगर जेवायचं नाय." मी शफीभाईंकडे दिली. लग्नसराई आहे, त्यांच्यापुढे दागिन्यांचा ढीग. म्हणाले, काही दिवस लागतील, एका डबीत वेगळी ठेवतो. आत्याबाईंनी तोडगा काढला की तोवर पहिला घास पानाबाहेर काढून ठेवायचा.

लंकीनं दारातूनच विचारलं, "गळ्यातली कुठंय?" सांगितलं शफीभाईंकडे. जेवली नाही नीट. थंडीनं पोट बिघडलं असेल, उद्या ओवा देते.

१४ डिसेंबर

पोरगी पुन्हा बिनसली. शाळेतून उशिरा येते. कुठं होतीस विचारलं तर "येत होते." मणी काढून बसले तर जवळ आली नाही. खारीचे पुढचे दोन पाय झाले, ते दाखवले, तर बघून न बघितल्यासारखं केलं. एवढं काय बिघडलं? मी तिला एका शब्दानं बोलले नाही. खरंच नाही. की बोलले? वांग्यावरून एकदा बोलले होते.

मी का एवढं मनाला लावून घेते आहे? संक्रांत जवळच आहे.

१६ डिसेंबर



आज दिवे लागले तरी लंकी आली नाही. हे छापखान्यातून आले, तसेच पंचवटीकडे धावले. आम्हाला दोघांनाही गोदेचं पाणीच डोळ्यापुढे आलं. आत्याबाई देवापुढे बसल्या. मी शाळेपाशी गेले, कुलूप. मग कुठं जावं सुचेना, पाय नेतील तिकडे चालत सुटले. डोक्यावर पदर होता की नव्हता तेही आठवत नाही. सराफ बाजारात दुकानांची दारं लागत होती. शफीभाईंच्या ओट्यावर कंदील होता आणि त्या उजेडात दप्तर मांडीवर घेऊन लंकी बसली होती.

माझ्या तोंडून कळवणची बोली निघाली. "आठे काय करी ऱ्हायनी तू? जीव काढी लिधा मना!" तिनं दचकून बघितलं. या खेपेला गळ्याकडे नाही, तोंडाकडे. मी मारणार होते, हात उचलला होता. पण तिला बघून तो तसाच खाली आला आणि मी तिथंच पायरीवर बसले.

शफीभाई म्हणाले, "रागावू नका भाभी. शाळा सुटली की रोज येते. काही मागत नाही, बोलत नाही, बसून राहते. मी म्हटलं, बेटा, तू कुणाची? तर त्या डबीकडं बोट दाखवलं. मला काय कळलं नाही. आज मी दुकान आवरायला लागलो तर उठेना."

डबी त्यांच्या गादीजवळ होती. पुतळी ठेवलेली.

मी विचारलं, "इथं का बसलीस गं?"

ती म्हणाली, "ती एकटी आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि असं रडू फुटलं की शफीभाई गडबडून पाण्याचा लोटा शोधायला लागले. लंकी माझ्याकडे बघत होती, मोठं माणूस असं का करतं आहे म्हणून. मग तिनं विचारलं, "जीव काढी लिधा म्हणजे काय?" मी म्हटलं, "म्हणजे तू मला घाबरवलंस." ती म्हणाली, "अच्छा."

शफीभाईंनी बाकीचं काम बाजूला सारून तिथल्या तिथं पुतळी गाठून दिली. मी ती गळ्यात बांधताना लंकी नीट बघत होती. गाठ घट्ट आहे ना, हे तिनं स्वतः ओढून बघितलं. येताना माझा हात धरला नाही, पण पदराचं टोक धरलं होतं.

१७ डिसेंबर

मागची पानं वाचली. भागीरथीला, लंकीच्या आईला, कढी आवडत नव्हती. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "शिवायचीसुद्धा नाही. तुला कसं कळलं?" मी म्हटलं, घरात एक जण आहे सांगणारं.

मी कुठली बया, पहिल्याच दिवशी लिहिलं, पोरगी दागिने बघते म्हणे! ते पान फाडून टाकणार होते, पण त्याच्या मागे खारीचं माप लिहिलं आहे.

२ जानेवारी १९३६

डिसेंबर संपला, पण दुसऱ्या ऑगस्टची पानं उरली आहेत, तीच वापरते.

घरात आता जेवणाची गंमत झाली आहे. लंकी आणि मी बरोबर जेवतो, ती शाळेला जायच्या आधी. आत्याबाईंनी दोन दिवस कुरकुर केली, मग सोडून दिलं. पहिला घास कोणता हे लंकी ठरवते. "आज मेथी. आज गूळ जास्त." आई कशी हसायची, कुठं तीळ होता, कुठल्या गाण्यात चुकायची, एकेक सांगते. मी ऐकते. सवतीबद्दल इतकं ऐकून मत्सर वाटायला हवा म्हणतात. मला तर ती बाई आवडायला लागली आहे. कढी सोडली तर आमचं पटलं असतं.

खारीला शेपटी आली! हमीदाबींनी तारेवर मणी ओवून झुबका करून दिला. डोळे काळ्या मण्यांचे. पोट तेवढं उघडं आहे. लंकी म्हणाली, "हिला घाई नाही ना?" मी म्हटलं, नाही.

मला हाकेला नाव अजून नाही. "ए" म्हणते. पण त्या "ए"त फरक पडला आहे, माझा कान तेवढा चांगला आहे.

१३ जानेवारी

मामा आले. भोगीची भाजी, तीळ लावलेल्या भाकरी, सगळं लंकीनं मला हाताखाली घेऊन केलं. पाटावर बसता बसताच मामांनी विचारलं, "काय गं लंके, रमली का? येती का माझ्यासंगं? मामी वाट बघती. बकरीला पिल्लं झाली."

लंकीनं ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हे म्हणाले, "तुला वाटेल तसं, बाळ." आणि मी काय म्हणाले? "तुझी मर्जी." बस्स! थांब म्हणायला जीभ वळली नाही. परक्या लेकराकडे भीक मागितल्यासारखं वाटलं, तीही मामांसमोर. तिनं जरा वेळ वाट बघितली. खरंच बघितली. मग म्हणाली, "जाते."

नाक एवढं मोठं असून काय उपयोग! माझी आई म्हणायची तेच खरं झालं, हिचा ताठा हिलाच जाळणार.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. आज करिदिन, म्हणून आत्याबाईंनी मामांना निघू दिलं नाही. उद्या सकाळच्या मोटारीनं जाणार.

दुपारी आत्याबाई कीर्तनाला गेल्या, मामा बाजारात. लंकी दप्तर भरत होती. पाटी, पुस्तक, परकर. भरता भरता सारखी स्वयंपाकघराच्या दाराशी यायची, गळ्याकडे बघायची, पुन्हा जायची. एकदा म्हणाली, "तू रोज लवकर जेवशील ना?" मी म्हटलं, हो. "आणि कढीच्या दिवशी?" मी म्हटलं, "कढीच्या दिवशी गुळाचा खडा लावीन." मान डोलावून गेली.

मी खार काढली. कापूस भरला. मग पुतळी सोडली आणि कापसाच्या मधोमध ठेवली.

भीती वाटली नाही असं नाही. मावशी सांगायची, एकीनं पुतळी काढली आणि महिन्याभरात अंथरूण धरलं. मी पुतळीकडे बघून मनातच म्हटलं, भागीरथीबाई, तुम्हाला तुमच्या लेकीबरोबर पाठवते आहे. मी काही हट्टानं तुम्हाला गळ्यात घातलं नव्हतं आणि रागानं काढतही नाही. तिला तिथं तुम्ही लागाल. माझं काय ते मी बघेन.

मग पोट शिवलं. गाठ आत घेतली. काळा दोरा तसाच गळ्यात ठेवला आणि पदर ओढून घेतला.

१६ जानेवारी

गेली.

मोटारीच्या नाक्यावर तिच्या दप्तराला खार बांधली. तिनं हलवून बघितली, झुबका हलला, हसली. मी कानाशी तोंड नेलं. "पोट उसवू नकोस हं. आत तुझी आई आहे. आता ती एकटी नाही आणि तूही नाही." तिनं पटकन माझ्या पदराला हात घातला, गळा बघितला. नुसता दोरा. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. काही म्हणणार होती. तेवढ्यात मामांनी उचलून आत बसवलं आणि मोटार सुटली.

परत येताना ह्यांनी विचारलं, तुझा चेहरा असा का? मी म्हटलं, धूळ गेली.

२० जानेवारी

हात आपोआप घास घेऊन गळ्यापाशी जातो आणि तिथं कोणी नाही. मग तो घास हातातच राहतो. आज ह्यांनी बघितलं. माझा रिकामा दोरा बघितला, खुंटीकडे बघितलं जिथं दप्तर असायचं. माझ्या हातातला घास घेतला आणि पानाबाहेर ठेवला. मग म्हणाले, "कढी नाही ना यात?" मी म्हटलं, नाही. दोघंही पुढे जेवू शकलो नाही. या माणसानं भागीरथीबद्दल माझ्यापाशी आपणहून कधी शब्द काढला नव्हता. त्या एका कढीपलीकडे मी विचारलंही नव्हतं.

२४ जानेवारी

ताप आला. आत्याबाई कपाळाला सुंठ लावायला आल्या आणि गळ्यातला दोरा रिकामा दिसला. मग काय विचारता! "कुठं घालवली? विकली? नदीत टाकली? म्हूनच तापली तू! तिचीच करणी!" मी सांगितलं खरं काय ते. त्या आधी कपाळ बडवून घेणार होत्या. मग खाली बसल्या. शेवटी म्हणाल्या, "पोरीसंगं दिली?" मी म्हटलं, हो. "येडी हाय तू सिंधे. लय येडी." आणि सुंठ लावली. इतक्या हलक्या हातानं की मला झोप लागली.

ताप थंडीचाच असेल. असेल ना? उतरेपर्यंत मी छातीठोक सांगू शकत नाही.

२७ जानेवारी

उतरला. पेरूवरची खार दिवसभर ओरडते आहे. दगड मारावासा वाटतो.

२९ जानेवारी

दुपारी जेवून उठले, ओटा पुसत होते, तर दारात मामांचा आवाज. "दाजी हायेत का घरात? ही घ्या तुमची पोर. आमच्या घरात मुंग्यांचं वारूळ केलं हिनं!"

मी हातातलं फडकं घेऊनच धावले. लंकी उभी होती. दप्तराची खार ओळखू येत नव्हती. तोंड तूपभातानं माखलेलं, मण्यांच्या फटीफटींत शितं वाळलेली, आणि खरंच, शेपटीवरून मुंग्या चालल्या होत्या.

मामा म्हणाले, "रोज दोन टायमाला तिला भरवायची. म्हटलं खेळ असंल. काल रडायला लागली ती थांबंना. वहिनी, मी ऐकलं समदं. तुम्ही आत काय शिवून दिलं तेबी." मग ते उंबऱ्यावरच टेकले. भागीरथी त्यांची धाकटी बहीण होती, हे मी विसरलेच होते. मी पाटावर बसवलं, पाणी दिलं.

लंकी माझ्याजवळ आली. खार माझ्या हातात दिली. म्हणाली, "माझ्याकडून खात नाही. नुसतं सांडतं."

मी म्हटलं, "मग?"

"तू खाल्लंस की ती खाते."

मला या वेळी नाक आडवं आलं नाही. मी म्हटलं, "लंके, तू इथंच राहा. मला तू पाहिजेस. जाऊ नकोस." मामा, आत्याबाई सगळे ऐकत होते. ऐकू देत.

ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही म्हणालीस?"

मी कात्री आणली. खारीचं पोट उसवलं, पुतळी काढली, रिठ्याच्या पाण्यात धुतली. काळा दोरा गळ्यात होताच. लंकीनंच ओवली आणि गाठ मारली, शफीभाईंसारखी, दोनदा ओढून. खारही धुऊन उन्हात टांगली आहे. पोट उद्या शिवू. नुसत्या कापसाचं.

मग ती आत गेली, पाट मांडला, ताट घेतलं, भाकरी काढली, गूळ काढला. झाकणं उघडून कढी नाही ना हे बघितलं. पाटावर हात आपटून म्हणाली, "ए, ये ना. जेव. दोघींना भूक लागली असेल."

मी नुकतीच जेवून उठले होते. दोन भाकरी खाल्ल्या.